भूतानच्या किनझांग ल्हामोला ऑलिम्पिकमध्ये जागा द्यायला हवी होती का?

पहाटे अंबाझरी
पॅरिस ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस, ११ ऑगस्ट २०२४. महिलांची मॅरेथॉन सिफान हसनने २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली. त्यानंतर दीड तासाने भूतानची किनझांग ल्हामो आली, ३:५२:५९. ऐंशीवी, म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्यांत शेवटची. अकरा जणींनी तर मध्येच सोडून दिलं होतं. ही चालायची, परत धावायची, आणि रस्त्यावरचे लोक, कोणी सायकलवर, कोणी पायी, तिच्या बाजूने जात होते.

काल सकाळच्या ग्रुपमध्ये तर्री-पोहे खाताना यावरून चांगलंच वाजलं. एकाचं म्हणणं, पात्रता न गाठलेल्या देशांना, विशेषतः लहान देशांना, मिळणाऱ्या या युनिव्हर्सॅलिटी जागा बंदच करा. थेट प्रवेशाचा निकष २:२६:५० आणि ही चार तासांच्या आत-बाहेर, मग ऑलिम्पिकला अर्थ काय राहिला? मला हे अजिबात पटत नाही. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास; २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहरात चोवीस लाखांच्या वर माणसं होती. त्यांचे तीनच खेळाडू पॅरिसला गेले. ती तीन माणसंही नको?

रेशीमबागकर
नको असं नाही म्हणत भाऊ, पण ऑलिम्पिक म्हणजे जगातले सर्वोत्तम, हे तरी मान्य कराल ना? आपल्या नागपूरच्या तिरंदाज ओजस देवतळेचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता, त्याच वर्षी हांगझोऊ एशियाडमध्ये तीन सुवर्ण. तो पॅरिसला नाही. जगज्जेता घरी आणि ८० वी येणारी मैदानात, हे मला खुपते.

धनुष्यवाली, मानकापूर
ओजसचं आम्हालाही वाईट वाटलं, पण ती गोष्ट वेगळी आहे. तो कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने, खेळतो, आणि पॅरिसमध्ये कंपाउंड नव्हतंच. जागा भूतानने नाही घेतली. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे.

आणि भूतानचंच बोलायचं तर तिरंदाजी त्यांचा राष्ट्रीय खेळ. १९८४ पासून ते ऑलिम्पिकला जातात, आणि २०१२ च्या आधी तर फक्त तिरंदाजच पाठवायचे. तरी स्वतःच्या बळावर पात्र ठरलेली पहिली भूतानी खेळाडू म्हणजे तिरंदाज कर्मा, २०२१ ला टोकियोला.

रेशीमबागकर
म्हणजे सदतीस वर्षं लागली! हेच तर माझं म्हणणं आहे. जागा फुकट मिळत राहिली की मेहनतीची घाई राहत नाही.

धनुष्यवाली, मानकापूर
उलट आहे. सदतीस वर्षं कोणी ना कोणी तिथे जात राहिलं म्हणून गावातल्या पोरीला आपल्यालाही जाता येतं हे कळलं. आमच्या इथे तिरंदाजीला येणाऱ्या मुली ओजसचं नाव घेऊन येतात. ज्या देशात असं एकही नाव नाही, तिथे पोरगी कोणाचं नाव घेऊन येईल?

धंतोलीचे मास्तर
मी चाळीस वर्षं पोरं पळवली, म्हणून सांगतो. दोघंही जागेवर भांडून राहिले, खरी अडचण मैदानाची आहे. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत. त्यांची ज्युलियन आल्फ्रेड पॅरिसला १०० मीटर १०.७२ मध्ये जिंकली, देशाचं पहिलं पदक, तेही सुवर्ण. तिला कोणाची दया नाही लागली. पण चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला जावं लागलं, पुढे अमेरिकेत टेक्सासला. कारण? २००९ मध्ये तिथलं एक रुग्णालय जळालं, रुग्ण स्टेडियममध्ये हलवले, आणि ते स्टेडियम वर्षानुवर्षं रुग्णालयच राहिलं. सुवर्ण जिंकल्यावर पोरीने पहिल्यांदा काय मागितलं, तर नवीन स्टेडियम. आपला ओजससुद्धा सराव करायला साताऱ्याला गेला. एका धावपटूला तिकीट देऊन ऑलिम्पिकवाले मोकळे होतात, हे मला मान्य नाही. तोच पैसा ट्रॅकवर घाला.

पहाटे अंबाझरी
मास्तर, ट्रॅक हवाच, यावर वादच नाही. पण ट्रॅक होईपर्यंत दार बंद ठेवायचं का? डॉमिनिकाची थिया लाफॉन्ड २०१६ ला रिओत पात्रता फेरीतच बाहेर पडली, पॅरिसला १५.०२ मीटरची तिहेरी उडी मारून सुवर्ण घेतलं. सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा देश! पहिल्या खेपेला कोणी म्हणालं असतं, "तुम्ही नंतर या", तर?

आणि रेशीमबागकर, पॅरिसला आपली चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू जलतरणात याच युनिव्हर्सॅलिटीच्या जागेवर गेली होती. श्रीहरी नटराजही. तेव्हा आपल्याला कोणाला खुपलं नाही.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत माझी आई धावली, वय अठ्ठावन्न. ती पोचली तेव्हा कमानीतली हवा काढून झाली होती, टायमिंगची चटई गुंडाळून टेम्पोत टाकली होती. वेळ संपायला अजून अकरा मिनिटं होती, मी घड्याळ पाहून सांगतो. एक पोरगा केळ्याच्या साली गोळा करत होता, त्याने टोपलं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आईने त्याला विचारलं, "बाळा, रेषा कुठं होती रे?" त्याने पायाने दाखवली. मग ती दोन पावलं मागे गेली आणि ओलांडून आली.

धंतोलीचे मास्तर
आईंना माझा नमस्कार सांगा. ठरलेल्या वेळेआधी रेषा उचलणं चूकच, त्यात दोन मतं नाहीत.

रेशीमबागकर
धिनिधीचं मला माहीत नव्हतं, मागे घेतो तेवढं. पण आईंनी वेळेच्या आत शर्यत पूर्ण केली, म्हणजे निकष पाळला. मीही तेच म्हणतो आहे, निकष हवा. भूतानसाठी सव्वा तीन तासांचा ठेवा, पण काहीतरी ठेवा.

पहाटे अंबाझरी
यावर बोलता येईल. पण पॅरिसच्या त्या मार्गावर एकूण चढच चारशे मीटरच्या वर होता, हे धरून आकडा सांगा.