घातक मालाचं चलान: ड्रायव्हरने भरायचं की माल पाठवणाऱ्याने?

टँकरवाला माहुल
मंडळी, 19 वर्षं टँकर चालवला. आधी माहुलहून पेट्रोल-डिझेल, नंतर तळोजा आणि न्हावाशेवाचं केमिकल. गुडघ्याने साथ सोडली म्हणून आता घरी आहे, पण नवी पोरं अडली की फोन करतात.

परवा असाच एक फोन आला. सायन-पनवेल हायवेवर, वाशी खाडीपुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली होती. पॅनेलवर, म्हणजे आत कोणता माल आहे ते सांगणाऱ्या टँकरवरच्या पाटीवर, आकडा 1294, म्हणजे टोल्युईन. आत मेथेनॉल, त्याचा आकडा 1230. आधीच्या फेरीचं पॅनेल कोणी बदललंच नव्हतं. ट्रेम कार्डही, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्डही, गाडीत नाही. लागलं मोटार वाहन कायद्याचं कलम 190, पोटकलम 3: पहिल्यांदा 10 हजार दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर 20 हजार, किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शेठ म्हणाला, "गाडीवर तू होतास, पगारातून कापतो."

मला हे पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 131 सांगतो की मालाची पूर्ण माहिती पाठवणाऱ्याने द्यायची. 132 सांगतो की ती ड्रायव्हरला समजली आहे ना, हे मालकाने बघायचं. ड्रायव्हरचा नियम 133: मिळालेलं कार्ड केबिनमध्ये हाताशी ठेवायचं. मिळालंच नाही तर ठेवणार काय? दोघांनी आपलं काम केलं नाही आणि पगार तिसऱ्याचा कापला. म्हणून माझं म्हणणं, हे चलान माल पाठवणाऱ्यावर आणि मालकावर फाटलं पाहिजे.

सेफ्टीवाला तळोजा
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे. केमिकल कारखान्यात सेफ्टी बघतो, म्हणून त्या आकड्याचं सांगतो.

टँकर पेटला की फायर ब्रिगेडचा माणूस लांबूनच पॅनेल वाचतो, जवळ जाऊन विचारायला ड्रायव्हर शुद्धीवर असेलच असं नाही. 1294 वाचून तो साधा फोम मारणार. टोल्युईनवर तो चालतो. मेथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यावर साधा फोम टिकत नाही, विरघळून जातो. तिथे अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. वर मेथेनॉलची ज्वाला भर उन्हात धड दिसतही नाही. माणूस आगीत पाय टाकतो आणि त्याला कळत नाही.

2023 च्या जूनमध्ये एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याजवळ पुलावर टँकर उलटून पेटला तेव्हा खालच्या रस्त्यावरून जाणारे लोकही होरपळले, चार जीव गेले. गाडी गेटबाहेर काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायला दोन मिनिटं लागतात. पॅनेल दोन्ही बाजूंना आणि मागे असतं. तेवढं ज्याने पाहिलं नाही त्याला दंड नको, असं मी कसं म्हणू?

वडाळा ट्रान्सपोर्ट
आमच्या चार गाड्या आहेत. सगळं मालकावर ढकलणं सोपं आहे. पॅनेल मी करून देतो, किट देतो, कार्डाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून देतो. पुढच्या खेपेला पाकीट सीटखाली सापडतं, त्यावर चहा सांडलेला. ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं, ते शेवटी मीच भरतो. ड्रायव्हर गावी गेला की परत येईल याचाही भरवसा नाही. दंडाची थोडी तरी झळ त्याला लागली नाही तर तो पाकीट जपणार का?

माहुलची ताई
तुम्ही सगळे गाडीतले बोलताय, मी खिडकीतून बोलते. आमच्या बिल्डिंगखाली रात्री टँकर लावून ड्रायव्हर जेवायला जातात. पहिल्या मजल्यावर माझं दोन वर्षांचं नातवंड झोपतं. ज्या 133 ची गोष्ट काका करतात, त्याच नियमात आहे की गाडी आगीपासून सुरक्षित जागी लावायची आणि तिच्यावर 18 वर्षांवरचं जाणतं माणूस कायम हवं. रिकामा आहे म्हणतात. रिकाम्या टँकरमध्येही वाफ राहते आणि ती पेटते, हे आमच्याकडे आता पोरंही सांगतात. चलान फाडा आणि दुप्पट फाडा.

टँकरवाला माहुल
ताई, तुमच्यापुढे मी मान खाली घालतो. मीही लावल्यात अशा गाड्या. भरण्याचा नंबर पहाटे लागतो, आत घेत नाहीत, बाहेर जागा नाही. पण नातवंडाला ते सांगता येत नाही. गाडी सोडून जायचं नाही, हे ड्रायव्हरचंच काम आणि त्याचं चलान त्याचंच. ते मी मागे घेतो.

सेफ्टीवाले साहेब, फोमचं मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, तरी नाही. पोरांना आता हे पहिलं सांगेन. पण तुमच्या गेटवर काटा होतो, सील लागतं, गेटपास फाटतो. तुमचा माणूस टँकरवर चढून मॅनहोल बघतो. त्याला मागचा आकडा दिसत नाही का? चुकीच्या पॅनेलची गाडी तुम्ही बाहेर सोडताच कशी?

आणि शेठ, कलमाचे शब्द बघा. गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघेही त्यात येतात. कायद्याने तुम्हाला सोडलेलं नाही. पगारातून कापून तुम्ही स्वतःला सोडवता, माझं भांडण त्याच्याशी आहे.

वडाळा ट्रान्सपोर्ट
पगारातून कापणं चूक, मान्य. पण लायसन्सवरच्या हॅजार्डसच्या, म्हणजे घातक माल नेण्याच्या परवानगीच्या, नोंदीची मुदत संपली असेल आणि त्याने मला सांगितलं नसेल तर?

टँकरवाला माहुल
मुदत लायसन्सवर छापलेली असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांची झाली, आधी दरवर्षी धावावं लागायचं. चावी देताना तुम्ही बघा, घेताना त्याने बघावं. इथे दोघेही सारखेच.

सेफ्टीवाला तळोजा
गेटचा मुद्दा लागला. आमच्याकडे चेकलिस्ट आहे, पण संध्याकाळी गाड्यांची रांग लागली की टिक आधी होते आणि बघणं राहून जातं. उद्या शिफ्टमध्ये हे बोलतो. तरी ड्रायव्हरवरचं चलान माफ व्हावं हे मला आजही मान्य नाही. कार्ड नसेल तर त्याने चावी फिरवूच नये.

टँकरवाला माहुल
नाही फिरवली तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा असतो, साहेब. मी एकदा करून पाहिलंय, तीन आठवडे घरी बसलो. तरी पोरांना तेच सांगतो: कार्ड मागा, नाही दिलं तर गेटवर उभं राहून पॅनेलचा आणि गेटपासचा फोटो काढा, मालकाला पाठवा आणि मगच निघायचं की नाही ते ठरवा. चलान हातात आलं की सही करायच्या आधी कलम वाचा, आणि आत कोणता माल लिहिलाय तेही.

त्या पोराची कोर्टाची तारीख आली की मी सोबत जाणार आहे. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, आणि गेटपास दोन्हीच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. दोन्हींवर स्वच्छ अक्षरात मेथेनॉल लिहिलंय.