एफडी मोडायची की पोराच्या नावावर लोन? रामबागवाल्यांच्या पोस्टवर उत्तर

सुदामानगरची_आई
काल आपल्या इंदूरच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर रामबागवाला यांनी लिहिलं की पोरांच्या कॉलेजसाठी एफडी-पीएफला हात लावू नका, पोराच्या नावावर एज्युकेशन लोन काढा, नोकरी लागली की फेडेल आणि जबाबदारीही शिकेल. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितेय, लांबेल.

दादा, पोराच्या नावावर असं लोन असतं कुठे? आई नाहीतर बाप सहकर्जदार म्हणून सही करतातच न. आमच्या मोठ्याचं 2019 ला काढलं, दहा लाख. दरवर्षी अडीच लाख उचलायचे, व्याज दहा टक्के, चार वर्षं कॉलेज आणि वर एक वर्ष सवलतीचं. हप्ता नाही म्हणून आम्ही निवांत, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. पाच वर्षांत साडेतीन लाख झालं आणि मुद्दलात चढलं. साडेतेरा लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसला जवळपास 17,800. पोराला नोकरी लागायला उशीर झाला, पहिला पगार 22 हजार. बँकेचे फोन त्याला नाही आले, ह्यांना आले, ऑफिसात, जेवायच्या सुट्टीत. तीन हप्ते चुकले तर ह्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोर, पडला आणि गच्ची गळते म्हणून मागितलेलं लोन नाकारलं. जबाबदारी कोण शिकलं मग? त्यापेक्षा एफडी मोडलेली परवडली.

रामबागवाला
वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण माझंही ऐका. 1998 ला माझ्या बाबांनी माझ्यासाठी पीएफ रिकामा केला. मी इंजिनिअर झालो, सगळं छान झालं. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे हवे होते तर ते दोन महिने बोललेच नाहीत, एका डोळ्याने पेपर वाचत बसायचे. शेवटी आईने सांगितलं. ज्या माणसाने मला सगळं दिलं त्याला माझ्याकडे मागायची लाज वाटली, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून म्हणतो, म्हातारपणाचा पैसा वेगळा ठेवा.

निवृत्त_बँकवाला
ताईंचा हिशोब बरोबर आहे. पण शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजार शंभरच्या आत, चौथ्या वर्षी आणि पुढच्या सवलतीच्या वर्षी साडेआठ हजारांच्या आत. मुद्दल दहाच लाख राहतं, हप्ता 13,200 च्या आसपास. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. भरलेल्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट आठ वर्षं मिळते, मात्र जुन्या टॅक्स पद्धतीतच. 2024 पासून केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, ठरावीक संस्थांसाठी, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईतोवर तीन टक्के व्याज सवलत. हे सगळं कागदात असतं, सही करण्याआधी वाचायला हवं.

सुदामानगरची_आई
काका, वाचायला हवं हे आता सांगताय. अ‍ॅडमिशनची फी भरायला तीन दिवस होते, समोर इंग्रजी कागदांचा गठ्ठा आणि काउंटरवरचा माणूस बोट ठेवून "इथे, इथे" म्हणत होता. तुमच्या टेबलाच्या या बाजूला कधी बसलात का?

लोकमान्यनगर_52
मूळ दुखणं लोन नाहीच, पोरांना शिकायला पुण्यालाच पाठवायचा हट्ट आहे. आपल्या समाजात इंदूरात शिकणं म्हणजे कमीपणा झालाय. जीएसआयटीएससारखं इंजिनिअरिंग कॉलेज 1952 पासून इथे उभं आहे, पोर घरून जाऊन-येऊन शिकेल, तरी फ्लॅट, मेस, डिपॉझिट, सगळं पुण्यात.

सराफ्याजवळ
हट्ट म्हणू नका. आपली माणसं, आपली भाषा म्हणून पाठवतो आम्ही. आणि तिथे फॉर्म भरायला बसलो की कळतं आपण बाहेरचे! महाराष्ट्राच्या कोट्याला तिथलं डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, लागतं, आपल्याला जेईईवर ऑल इंडियाच्या मोजक्या जागा, नाहीतर मॅनेजमेंट कोटा. चार पिढ्या घरात मराठी जपली त्याचं हे फळ?

लोकमान्यनगर_52
चार पिढ्या होळकरांच्या गावात राहिलात तर डोमिसाइल इथलंच असणार न! आणि त्याची किंमत आहे. सीबीएसईला 85 टक्के, जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर मध्य प्रदेशच्या मेधावी विद्यार्थी योजनेत फी सरकार भरतं. ते सोडून मॅनेजमेंट कोट्याला पैसे ओतायचे आणि मग रडायचं.

सराफ्याजवळ
रडत नाहीये. तुमचा मुलगा हुशार असेल, माझ्या मुलाची रँक चार लाखांवर होती. त्याने काय करायचं, घरी बसायचं?

धाकटी_पाती
पुण्याचं चाललंच आहे तर मीही बोलते. आमच्याकडे दादा पुण्याला आणि मी इंदूरात, कारण "दोघांचं झेपणार नाही". माझं सुकन्या खातं, मुलींच्या बचतीचं, 2015 ला उघडलं होतं, तेव्हा मी नऊ वर्षांची. अठरा झाल्यावर शिक्षणासाठी त्यातले निम्मे काढता येतात हे मला मैत्रिणीकडून कळलं. विचारलं तर आई म्हणाली ते लग्नाचे आहेत. दादाच्या फीसाठी घरात कोणी लग्नाचा विषय काढला नव्हता.

सुदामानगरची_आई
बेटा, तुझं वाचून खरंच गप्प झाले. हीच चूक आमच्याकडे होता होता राहिली.

रामबागवाला
ठीक आहे, "पोराच्या नावावर" हे माझं चुकलं. सही बापाची असते, मान्य. पण पीएफला हात लावायचा नाही, यावरून मी हलणार नाही. फार तर एवढं म्हणेन की लोन काढलं तर काका म्हणतात तसं व्याज चालू भरा.

सुदामानगरची_आई
पीएफचं मीही कुठे म्हटलं होतं, मी एफडीचं म्हणत होते. धाकटी अकरावीत आहे. रविवारी तिला पासबुकं घेऊन बसवलं, एफडी किती, पीएफ किती, त्यातलं तुझ्यासाठी किती, सगळं दाखवलं. तिने पहिलं विचारलं दादाचा हप्ता किती वर्षं उरलाय. मग म्हणाली जीएसआयटीएस मिळालं तर घरूनच जाईन, नाही मिळालं तर पुन्हा पासबुकं घेऊन बसू. काका, मघाशी तुम्हाला जास्त बोलले. मेधावीच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवायचा का?

निवृत्त_बँकवाला
आत्ता नको, अ‍ॅडमिशनच्या वर्षीचा चालू दाखला लागेल. मूळनिवासी दाखला, म्हणजे इथलं डोमिसाइल, मात्र आत्ताच काढा, आणि आधार, मार्कशीट, दाखला तिन्हींवर नाव एकसारखं आहे का तेवढं बघा. बँकेत जायची वेळ आली तर मी सोबत येईन, कागद बसून वाचू.