आक्रमक परदेशी वनस्पती: ‘साफ केलेल्या हेक्टरां’वर पैसे द्यावेत का?

मृद्गंध (धागाकर्ता)

आक्रमक परदेशी वनस्पती काढण्याच्या बहुतेक योजनांत निविदा, देयके आणि यशाचा अहवाल हे सारे ‘किती हेक्टर साफ केले’ या एका आकड्यावर बेतलेले असते, आणि पैसा वाया जाण्याचे मूळ माझ्या मते याच आकड्यात आहे. घाणेरीचेच (लँटाना) पाहा. झुडूप जमिनीलगत छाटले की खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून पावसाळ्यात जोमाने फुटवे येतात. उलट मातीत थोडे खाली जाऊन सांध्याच्या खालीच मूळ तोडले आणि झुडूप उलटे करून टाकले, तर ते सहसा पुन्हा धरत नाही. पहिल्या रीतीने ठेकेदाराचे हेक्टर झटपट भरतात, दुसरीला वेळ लागतो, आणि देयक मात्र दोन्हींना सारखेच मिळते. शिवाय घाणेरीची फळे खाणारे पक्षी ज्या झाडांवर विसावतात, त्यांच्याखाली रोपांची दाटी होते; ती रोपे फुलावर येण्याआधी, सलग काही वर्षे, उपटत राहावे लागते. या पाठपुराव्याचा निधी आधीच बाजूला काढलेला नसेल, तर पहिली तोडही करू नये.

पाणलोट

शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. थांबण्यालाही किंमत असते आणि ती दरवर्षी वाढते. केप टाउनच्या पाणलोटांतील पाइन, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळी मूळच्या झुडुपी वनस्पतींपेक्षा कितीतरी अधिक पाणी ओढतात. तेथील जलनिधीसाठी, म्हणजे पाणलोट सुधारण्यासाठी उभारलेल्या निधीसाठी, २०१८ साली मांडलेल्या हिशेबानुसार सात प्राधान्याच्या उपपाणलोटांत ३७.२ कोटी रँड खर्च केल्यास पाच वर्षांत वर्षाला सुमारे ५० अब्ज लिटर पाणी परत मिळू शकते, आणि समुद्राचे पाणी गोडे करण्यासारख्या पर्यायांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. निधीची पूर्ण हमी मिळेपर्यंत हात बांधून बसायचे, तर दरम्यान गेलेल्या पाण्याची नोंद कोणत्या खात्यात करायची? दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून चाललेल्या ‘वर्किंग फॉर वॉटर’ या आक्रमक वनस्पती काढण्याच्या सरकारी कार्यक्रमाने गरीब कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर रोजगार दिला, हा लाभही आपल्या मांडणीत कुठे दिसत नाही.

मृद्गंध

तोच कार्यक्रम माझ्याही बाजूचा साक्षीदार आहे. रोजगार हे उद्दिष्ट झाले की किती माणसांना किती दिवस काम मिळाले हे मोजले जाते, झाडे परत आली की नाही हे मागे पडते. पाठपुरावा अपुरा राहिल्याची आणि काम फार विखुरल्याची टीका तेथील अभ्यासकांनीच केली आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीचे बी जमिनीत दशकानुदशके टिकते आणि वणव्यानंतर एकदम उगवते. अशा जागी अर्धवट तोड करणे म्हणजे खर्च करून पुढचे पीक घेणे होय.

कोळसेवाला

दोघेही सरकारी तिजोरीपलीकडे पाहत नाहीत. वेड्या बाभळीचा (प्रोसोपिस) कोळसा होतो, घाणेरीच्या काठ्यांपासून फर्निचर होते. ज्याला बाजार आहे त्याच्या निर्मूलनासाठी वेगळा निधी कशाला हवा? कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात ही बाभूळ वनखात्यानेच १९६० च्या दशकात जमिनीचा खारटपणा रोखण्यासाठी लावली, आणि आज तिच्या कोळशावर तेथील अनेक कुटुंबे जगतात.

कुरण

आणि त्याच बन्नीतील गुरे पाळणाऱ्यांचे गवत गेले, हे वाक्य आपण अर्ध्यावर सोडले. कोळशासाठी जाड खोड परवडते. कोवळे फुटवे आणि रोपे तोडण्यात कोणालाच फायदा नसतो, त्यामुळे तोडलेल्या बुंध्याला चार फांद्या फुटतात आणि काही वर्षांनी त्याच पुन्हा तोडल्या जातात. याला शेती म्हणता येईल, नियंत्रण नव्हे. उत्पन्न सुरू झाले की ती वनस्पती संपू नये असे वाटणारा एक वर्गही तयार होतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

अंकुर

चर्चा पसरलेल्या तणांभोवतीच फिरते आहे, हेच मला खटकते. कॅलिफोर्नियातील निर्मूलन मोहिमांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की एक हेक्टरपेक्षा लहान प्रादुर्भाव बहुधा पूर्ण संपवता येतो, १ ते १०० हेक्टरच्या गटात एक तृतीयांश मोहिमा यशस्वी झाल्या, १०१ ते १,००० हेक्टरमध्ये एक चतुर्थांश, आणि त्यापुढे आशा फार कमी. असे असताना अंदाजपत्रक मात्र डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या रानांकडे जाते, कारण न पसरलेल्या तणाचे छायाचित्र काढता येत नाही. पसरलेल्यासाठी जैविक नियंत्रणाइतके, म्हणजे तण खाणारा कीटक सोडण्याइतके, स्वस्त काहीच नाही: ऑस्ट्रेलियात सुमारे २.४ कोटी हेक्टरवर माजलेला निवडुंग १९२० च्या दशकात अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांत आटोक्यात आणला.

पाणलोट

तोच पतंग पुढे कॅरिबियन बेटांवर सोडला गेला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला. तेथे तो स्थानिक निवडुंग खातो. ‘स्वस्त’ म्हणताना हे बिल दुसऱ्याच्या नावावर निघाले, एवढे तरी लिहायला हवे. लहान प्रादुर्भावांना आधी गाठावे, हे मात्र मला मान्य आहे. पण अर्थखात्याला ते पटवणे अवघड आहे. भविष्यातील रकमेचे आजचे मोल काढताना ती दरवर्षी ज्या दराने घटवतात त्या सवलत दराने, वार्षिक ८ टक्के धरल्यास, तीस वर्षांनी टळणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीचे आजचे मोल जेमतेम १० रुपये भरते, ३ टक्के दराने ते ४१ होते. तणाचा धोका खरा की खोटा, याचा निकाल असा एका दरावर लागतो.

मृद्गंध

म्हणूनच मी मोजमापाचा आग्रह धरतो, कारण दर कोणताही घेतला तरी परत उगवलेले झुडूप शून्य लाभाचेच आहे. मजुरी रोजच्या रोज द्यावी, ठेकेदाराच्या रकमेचा मोठा भाग मात्र तिसऱ्या आणि पाचव्या पावसाळ्यानंतर ठरावीक पट्ट्यांत रोपे मोजून द्यावा. एखाद्या वर्षी साफ केलेले क्षेत्र निम्म्यावर आले तरी चालेल.

कुरण

पाच वर्षे रक्कम अडकवून ठेवणे मोठ्या ठेकेदारालाच परवडेल. स्थानिक मजुरांच्या छोट्या सहकारी गटांना अशी निविदा भरताच येणार नाही, आणि परिसर ओळखणारे हात तर त्यांचेच आहेत. त्यांच्यासाठी पाठपुराव्याचे काम स्वतंत्र वार्षिक करारावर, त्याच गटाला, त्याच पट्ट्यासाठी दिले तर आपला हेतू साधेल का?

मृद्गंध

साधेल, मात्र रोपांची मोजणी त्या गटाने स्वतः करू नये.