घाण्याचं तेल घरात ठेवा, पण बाळाच्या नाकात घालू नका. तुमचं मत काय?

जांबोटीची_लेक

थंडी पडली की आपल्याकडं तेलाच्या बाटल्या बाहेर येतात. जांबोटी-कणकुंबीकडं कोकमच्या बियांचं भिरंडेल, बेळगावात बाटलीत गोठलेलं खोबरेल, अथणी-चिकोडीकडच्या पावण्यांच्या घरी करडीचं. हे सगळं मला हवंय, आणि ते मागासलेलं म्हणून कुणी टाकून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. पण याच दिवसात ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, बाळाला सर्दी झाली तर नाकात दोन थेंब कोमट तेल सोडा, छातीला निलगिरी चोळा, कापूर कापडात बांधून गळ्यात घाला. यंदा तो आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आला आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेले, एकानंही विचारलं नाही की हे बरोबर आहे का. म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं असं की तेल कातडीला लावा, केसाला लावा, बाळाच्या नाकातोंडात नाही. आणि दोन-तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या आसपास निलगिरी आणि कापूर ठेवूच नका.

नाकाचं कारण सांगते. पाणी घशात चुकीच्या वाटेनं गेलं की ठसका लागतो, तेल तसं टोचत नाही, ते ठसका न लागताच गुपचूप फुप्फुसात उतरतं. तिथनं ते सहज बाहेर येत नाही आणि त्यातनं एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. खोकला जात नाही, अँटिबायोटिकनं फरक पडत नाही, आणि घरच्यांना आठवतसुद्धा नाही की आपण रोज अंघोळीच्या वेळी नाकात तेल सोडत होतो. भारतातल्याच डॉक्टरांनी अशी बाळं बघून लिहून ठेवलेलं आहे.

कापूर कातडीतनंही अंगात जातो आणि लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात. पूजेच्या वड्या पेपरमिंटसारख्या दिसतात, पोरं सरळ तोंडात टाकतात. निलगिरीचं तर एक चमचाभर तेल पोटात गेलं तरी मूल बेशुद्ध पडू शकतं.

भिरंडेलाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. ते ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून टाचेवर लावलं की पातळ होऊन वाहून जात नाही, भेगेवर बसून राहतं. रात्री पाय धुवून, ओलसर असतानाच चोळायचं आणि मोजे घालायचे. आमच्याकडं भाताच्या चिखलात उभं राहणाऱ्या बायकांनी पाय असेच सांभाळलेत.

अनगोळची_मावशी

पोरी मी बाळ-बाळंतीण न्हाऊ घालतो, हेच माझं पोट आहे, म्हणून राग न मानता ऐक. नाकात कानात तेल आमच्या आईनं घातलं, तिच्या आईनं घातलं, बाळं वाढली की नाही? तुम्ही आज नाक म्हणताय, उद्या टाळू भरू नका म्हणाल, परवा मालीशच बंद करा म्हणाल. डॉक्टरकडं गेलं की पहिलं वाक्य तेच असतंय, तेल बंद करा, आणि मग एक लोशन लिहून देतात, ते संपलं की दुसरं. गरीब घरच्या बाळंतिणीनं रोज कुठनं आणायचं ते? एक वाटी तेलात बाळ रगडून निघतंय, गाढ झोपतंय, आईलाही दोन तास पडायला मिळतंय. हे बघायला कोण येत नाही आमच्याबरोबर न्हाणीत.

टिळकवाडी_फार्मसी

मावशी, मालीश बंद करा असं कुणीच म्हणत नाहीये. तुमच्या हाताला विरोध नाही, नाकातल्या थेंबाला आहे.

पण मी धागा काढणाऱ्या ताईंच्याही पुढं जाऊन बोलतो. दुकानात रोज बघतो, लोक तेलाकडून औषधाची अपेक्षा करतात. कोंडा झाला की डोक्यावर तेल थापतात, आणि कोंडा वाढवणारी मॅलॅसेझिया नावाची जी बुरशी आहे ती डोक्यावरच्या तेलकटपणावरच जगते, तिला स्वतःला फॅटी ॲसिड बनवता येत नाही, म्हणजे आपण तिलाच वाढून देतोय. मग खाज वाढते, मग म्हणतात तेल अजून जास्त लावा. कोंड्याला किटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू लागतो, लावून पाच मिनिटं ठेवायचा.

भाजलं की पण तेच. आपल्याकडं हातावर आमटी सांडली की आधी खोबरेल लावतात. त्यानं उष्णता आतच अडकते. नळाखाली वीस मिनिटं हात धरा, बर्फ नको, तेल नको, टूथपेस्ट नको. आणि केस उगवतात वगैरे म्हणून बाटल्या विकतात, पण कुठल्याही तेलानं टकलावर केस उगवल्याचा भक्कम पुरावा मी अजून बघितलेला नाही.

घाणेवाला_संकेश्वर

फार्मसीवाले साहेब, उगवत नाहीत हे मान्य, पण असलेले टिकतात की. २००३ साली छापून आलेला अभ्यास आहे, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑईल, म्हणजे पेट्रोलियमपासनं काढलेलं तेल, तिन्ही केसांवर लावून बघितलं, धुताना केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलनं कमी झालं. कारण त्यातलं लॉरिक ॲसिड, लहान आणि सरळ साखळीचं, केसाच्या आत शिरतं, बाकीची वरवर राहतात. धुवायच्या आधी लावलं तर जास्त उपयोग, हे आमच्या आज्ज्या करतच होत्या, रविवारी सकाळी तेल आणि दुपारी न्हाणं.

आणि तुमच्या दुकानातल्या निळ्या-हिरव्या बाटल्यांचं पण बोला. लहान बाटलीवर खाद्यतेल लिहायचं, कारण खाद्यतेलाला कर ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८ टक्के होता, छोट्या बाटलीतलं खोबरेल खाद्यतेल की केसांचं यावर कित्येक वर्षं भांडण चाललं, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल धरता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलाचा करही ५ टक्क्यांवर आला. पण केसांचं तेल म्हणून ज्या सुगंधी बाटल्या मिळतात त्यांची मागची बाजू वाचा, बऱ्याच बाटल्यांत पहिलं नाव मिनरल ऑईलचं असतं आणि आवळा-ब्राह्मी शेवटी चिमूटभर. आमच्या घाण्यावर या, गिऱ्हाईकासमोर शेंग, करडी, खोबरं जे असेल ते टाकतो.

टिळकवाडी_फार्मसी

तो अभ्यास मला माहीत आहे. तो मॅरिकोच्या, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केलेला आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण वाचताना हे लक्षात ठेवायला पाहिजे. आणि तो केसांच्या नुकसानीबद्दल आहे, डोक्याच्या कातडीबद्दल नाही. मिनरल ऑईलला शिव्या देऊ नका, शुद्ध केलेलं मिनरल ऑईल कातडीला फारसं बाधत नाही, बाळांसाठी वापरतात.

घाणेवाला_संकेश्वर

मग हे पण वाचा. फिलिपिन्समध्ये एक्झिमा, म्हणजे कोरडी लाल खाजरी कातडी, असलेल्या मुलांवर चाचणी केली होती, २०१४ साली छापून आली. व्हर्जिन खोबरेल आणि मिनरल ऑईल समोरासमोर, खोबरेल सरस ठरलं. ते मॅरिकोनं केलेलं नाही.

निपाणीची_सून

तुम्ही दोघं बाटल्यांवर भांडताय, मला पोराच्या गालांचं सांगायचंय. आमच्याकडं स्वयंपाकाला शेंगतेल, तेच घाण्याचं, आणि सासूबाईंनी तेच बाळाला चोळायला सुरुवात केली कारण त्यात काही मिसळलेलं नसतं असं त्यांचं म्हणणं. पोराचे गाल आणि कोपराचे सांधे आधीच लाल, चरचरीत. मग कुणीतरी ऑलिव्ह ऑईल आणून दिलं, महागडं, तरी तेच. शेवटी बेळगावच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. भेगाळलेल्या कातडीतनं शेंगदाण्याचं प्रोटीन आत गेलं तर पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. घाण्याच्या तेलात ते प्रोटीन राहतं, रिफाइंडमध्ये जवळपास नसतं. २००३ साली ब्रिटनमध्ये हजारो मुलांच्या पाहणीतनं हे पुढं आलं म्हणाल्या. म्हणजे इथं घाण्याचं तेल जास्त त्रासाचं!

ऑलिव्हचं पण २०१३ ला ब्रिटनमध्येच बघितलेलं, मोठ्या माणसांच्या हातावर लावून, त्यानं कातडीची वरची भिंत कच्ची होते, सूर्यफुलानं नाही. ऑलिव्हमध्ये ओलेइक ॲसिड जास्त असतं म्हणून. आता मी सूर्यफूल वापरते आणि अंघोळ झाल्यावर लगेच साधं मलम. सासूबाई अजून नाराज आहेत, पण गाल बरे झालेत हे त्या बघतात.

जांबोटीची_लेक

निपाणीच्या ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सूर्यफुलावरनं आठवलं, ढाक्यात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावून बघितलं होतं, २००५ ला लॅन्सेटमध्ये आलं, हॉस्पिटलात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. फक्त तेल लावून! मावशी, हे मी तुमच्यासाठी लिहितेय, तुमच्या कामाला आधार देणारी गोष्ट आहे ही. आणि आपल्या भागातल्या करडीत कातडीला मानवणारं लिनोलेइक ॲसिड सूर्यफुलासारखंच, बऱ्याच वाणांत त्याहून जास्त. तेल बघून घ्या एवढंच म्हणतेय, सोडा म्हणत नाही.

चिकोडी_मास्तर

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आपण सगळे खोबरेल-शेंगतेलावर बोलतोय, पण शहरातली तरुण मुलं आता टी ट्री, लव्हेंडर, रोझमेरीच्या छोट्या बाटल्या मागवतात आणि थेट तोंडावर लावतात. हे तेल वेगळं, हा अर्क आहे, वाफेनं काढलेला, खूप तीव्र. टी ट्रीला थोडाफार पुरावा आहे, ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये मुरमांवर ५ टक्के टी ट्री आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड लावून तुलना केली, दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीनं सावकाश पण कमी जळजळ. पाच टक्के, हे लक्षात घ्या. घरी करायचं असेल तर एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब असं धरा, चहाच्या एका चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, साध्या तेलात एक थेंब घातला की एक टक्का होतो, पाच थेंब घातले की पाच टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबायचं. माझे विद्यार्थी बाटली उलटी करून कापसानं तोंडभर फिरवतात, मग शाळेत लालबुंद होऊन येतात आणि म्हणतात सर नॅचरल आहे.

दुसरं, आपल्या बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, पश्चिम घाटातल्या वनस्पतींवर काम करते. खानापूरच्या जंगलातलं भिरंडेल, करंजेल, सगळं आजीच्या शब्दावर किंवा इंटरनेटच्या शब्दावर घेण्यापेक्षा तिथली माणसं गावात बोलवून ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

टिळकवाडी_फार्मसी

मास्तर, बोलवा, मी येतो. मोठ्या माणसांचं पण सांगा तिथं, बेंगळुरूच्या सेंट जॉन्समधल्या मेंदूच्या डॉक्टरांनी निलगिरी आणि कापराच्या तेलानं मोठ्यांना येणाऱ्या झटक्यांवर अभ्यास केलाय. ज्यांना आधी कधी फिट आली नव्हती त्यांनाही. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम, नाकाला बाम, वाफेत निलगिरी, हे घरोघरी चालतं. फिटचा पेशंट घरात असेल तर ती बाटली घरातनं बाहेर.

घाणेवाला_संकेश्वर

बरं, शेंगतेलाचं मला माहीत नव्हतं, निपाणीच्या ताईंचं ऐकून घेतलं. आता बाळासाठी तेल मागायला येणाऱ्याला शेंगतेल देणार नाही. पण रस्त्याच्या कडेला गाणद एण्णे, म्हणजे कन्नडमध्ये घाण्याचं तेल, अशी पाटी लावून कुठलं तरी तेल डबे-डबे विकणारे आहेत, त्यांच्यापासून जपा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, फ्रिजमध्ये ठेवून वर पातळ थर राहिला तर मिसळलंय असं समजा. आणि मोहरीचं तेल सुटं कधीच घेऊ नका, १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बिया मिसळलेल्या मोहरीच्या तेलानं माणसं मेली होती, अंग सुजायचं. ते विष मालीश करूनसुद्धा अंगात जातं.

अनगोळची_मावशी

सगळं वाचलं, नातीनं वाचून दाखवलं. नाकाचं मी बंद करतो, फुप्फुसात जातंय म्हटल्यावर कशाला. एरंडेल पाजायचंही मी कधीच केलं नाही, बाळाला पण नाही आणि पोटुशीला पण नाही, पोट मोडतंय आणि कळा सुरू होतात. पण टाळू भरायचं मी सोडणार नाही, हलक्या हातानं तेल लावल्यानं काय बिघडतं ते दाखवा. आणि कानाचं मला पटलेलं नाही. कानात मळ सुकला की तेलानंच सुटतोय.

टिळकवाडी_फार्मसी

मावशी टाळूवर हलक्या हातानं लावा, दाबू नका, डोक्यावर पिवळे खवले दिसले तर तेलानं मऊ करून त्याच दिवशी धुवून टाका, साठवून ठेवू नका.

कानाचं तुमचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या माणसाच्या कानातला सुका मळ मऊ करायला तेल चालतं, डॉक्टरही सांगतात, पण पडदा धड असेल तरच. बाळ कानाला हात लावून रडतंय म्हणजे मळच असेल असं नाही, आत पू झालेला असू शकतो, पडदा फाटलेला असू शकतो, आणि त्यात लसूण कडवलेलं गरम तेल ओतलं तर आतपर्यंत जातं. कान वाहत असेल, ताप असेल, तर एक थेंबही नको, आधी कान बघून घ्या. जिल्हा हॉस्पिटलात कान-नाक-घशाची ओपीडी असते, सकाळी लवकर जा म्हणजे नंबर लागतो.