ठासणीची, तोड्याची की चकमकीची? युद्धपटातली बंदूक

प्रश्न
ऐतिहासिक युद्धपटांच्या परीक्षणांत 'ठासणीची बंदूक' हा शब्द सरसकट दिसतो. शिवकाळ, पानिपत, सत्तावन्न, सगळीकडे तोच. ठासणीची म्हणजेच तोड्याची का? आणि शिपाई 'घोडा दाबतो' असं लिहितात, ते बरोबर आहे?

प्रतिसाद
ठासणीची हे नाव भरण्याच्या रीतीवरून आलं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. तोड्याची हे नाव पेटवण्याच्या रीतीवरून. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी वात. ती नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे बारीक छिद्राजवळच्या, रंजकीला (पेटवणीच्या दारूला) टेकली की बार उडतो. चकमकीच्या बंदुकीत गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडते. दोन्ही ठासणीच्याच, पण एक नव्हेत. सत्तावन्नची एन्फिल्ड रायफलही (१८५३चा नमुना) ठासणीचीच. तिथे गार जाऊन स्फोटक भरलेली तांब्याची टोपी आली, एवढंच.

पेटता तोडा दिग्दर्शक वापरत का नाहीत, हे मला कोडंच आहे. रात्रीच्या छाप्यात त्याचा निखारा लांबून दिसतो, वास येतो, पाऊस आला की विझतो. शिवाय माणूस दारूची थैली कमरेला बांधून विस्तव हातात घेऊन उभा. प्रसंगातला ताण आयता मिळतो! आपल्याकडे मात्र तोडा बंदुकीला गुंडाळलेल्या शोभेच्या दोरीसारखा लोंबत असतो.

आणखी एक प्रतिसाद
यात 'काडतूस' घ्यायलाच हवं. शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आला. आज तो ऐकला की पितळी नळकांडं डोळ्यांपुढे येतं आणि पडद्यावरही कधीकधी तेच येतं. १८५७चं काडतूस कागदाचं होतं. आत मोजून घातलेली दारू आणि गोळी, बाहेरून चरबीचा लेप. ते दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. गाईच्या आणि डुकराच्या चरबीचा संशय शिपायांना झोंबला तो याच दातांमुळे. पितळी काडतूस दाखवलं तर ते दातांनी फाडायचं कशाला? कथेचं कारणच उडून जातं. धर्म बुडाल्याचे संवाद पल्लेदार, आणि हातातली वस्तू त्यांना खोटं पाडणारी.

हे सगळं करून सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. पडद्यावर एकाच बंदुकीतून धडाधड सहा निघतात. धुराचंही तेच. काळ्या दारूचा पांढरा धूर मिनिटभरात आख्खी रांग झाकून टाकतो. बिनधुराची दारू आली १८८०च्या दशकात.

प्रश्नकर्ता
आणि घोडा?

प्रतिसाद
घोडा म्हणजे वरून आपटणारा भाग. तो चढवतात. बोटाने दाबतात तो चाप. तोड्याच्या बंदुकीत तर आपटणारं काही नसतंच. तोडा धरणारा वाकडा चिमटा रंजकीवर वाकतो, इतकंच. तिथे 'घोडा दाबला' दुहेरी चूक.

आणखी एक प्रतिसाद
इतके कडक होऊ नका. बोलण्यात 'घोडा दाबणे' केव्हाच रुळलंय. पात्राच्या तोंडी चालेल, परीक्षणात 'चाप' लिहा.
जाता जाता: 'बंदूक' आणि 'रायफल' हेही एक नव्हे. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात, म्हणून गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. एन्फिल्डला आटे होते, तोड्याच्या साध्या बंदुकीला नव्हते. आणि १९६२च्या लढाईत जवानांच्या हाती इन्सास रायफल दिसली तर शब्द शोधत बसू नका. ती १९९०च्या दशकातली. तेव्हा होती थ्री-नॉट-थ्री, दर गोळीला बोल्ट ओढायची.

प्रश्नकर्ता
म्हणजे शिवकाळाला 'तोड्याची' लिहितो. पण मी पाहिलेल्या चित्रपटात तोडा पेटलेलाच नव्हता आणि तरी बार उडाला. तिला काय म्हणू?

प्रतिसाद
कलादिग्दर्शकाची.