लैदोनेर भेकड होता? जरा १९१८ पासून बघा

गडवाट: काल इथे कुणीतरी लिहिलं की एस्टोनियाचा सरसेनापती योहान लैदोनेर भेकड होता, १९४० मध्ये न लढताच त्याने देश रशियाच्या हवाली केला. चीड आली म्हणून सविस्तर लिहितोय. २३ डिसेंबर १९१८ ला तो सरसेनापती झाला, वय ३४. रशियाची लाल सेना राजधानी ताल्लिनच्या वेशीकडे सरकत होती. शाळकरी पोरं, फिनलंडचे स्वयंसेवक, ब्रिटिश आरमार आणि चिलखती आगगाड्या यांच्या जोरावर त्याने जानेवारीत सीमेवरचं नार्वा शहर परत घेतलं. जूनमध्ये लाटव्हियातल्या सेसिसजवळ बाल्टिक जर्मनांची (तिथल्या जर्मन वंशाच्या जमीनदारांची) फौज हरवली. २ फेब्रुवारी १९२० ला रशियाशी तार्तूचा तह झाला, रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. याला भेकड म्हणता?

निखारा: १९१८ ची पुण्याई १९४० ला किती पुरवणार? १७ जूनला नार्वात रशियन फौजांना देश खुला करणाऱ्या कागदावर सही त्यानेच केली. फिनलंड लढला आणि टिकला. मार्च १९३४ तर तुम्ही गाळलाच. निवडणूक तोंडावर असताना सरकारप्रमुख पाट्स आणि लैदोनेरने आणीबाणी लावली, वाप्सवाल्यांची (माजी सैनिकांच्या उजव्या चळवळीची) धरपकड केली, पुढे संसदही गुंडाळली. लोकांना सहा वर्षं गप्प बसवलं, मग लढा म्हणून हाक कुणाला मारणार?

गडवाट: फिनलंडच्या घरात आधीच रशियन तळ नव्हते. इथे रशियाशी सप्टेंबर १९३९ मध्ये झालेल्या करारापासून होते, २५ हजार सैनिकांची मुभा होती. देशाची लोकसंख्या जेमतेम ११ लाख.

निखारा: तो करार कुणाच्या राजवटीत झाला? आणि २१ जूनला ताल्लिनच्या रौआ रस्त्यावर एस्टोनियाच्या सिग्नल बटालियनने रशियनांविरुद्ध गोळीबार केलाच की. सैनिक तयार होते, वरचे नव्हते.

फौजीचा_मुलगा: १९१९ ला पोरं का लढली ते कुणीच बोलत नाही. जमिनीसाठी! बाल्टिक जर्मनांच्या इस्टेटी काढून सैनिकांना देऊ, असा शब्द होता आणि ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने तो पाळला. माझे वडील ७१ ला लढले. जमीन मंजूर झाल्याचा कागद आला, सातबारा आजतागायत नाही. खेटे घालता घालता गेले ते.

वाडेकर: वडिलांबद्दल आदर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन नाममात्र मोबदल्यात काढून घेणं हा न्याय? आमच्या आजोबांची कुळकायद्यात गेली. आजी शेवटपर्यंत त्या बांधाकडे फिरकली नाही.

फौजीचा_मुलगा: आजी फिरकली नाही, पण त्या बांधावर राबत कोण होतं? शेकडो वर्षं दुसऱ्याच्या शेतात खपलेल्यांच्या नातवांनी मालकाच्या नफ्यासाठी रक्त सांडायचं होतं का?

वाडेकर: तोंड सांभाळून बोला. आमचे आजोबा स्वतः नांगर धरायचे.

गडवाट: दोघेही थांबा. निखारा, १९३४ चं मान्य करतो, ते चुकलंच. पण जुलै १९४० मध्ये त्याला बायकोसह रशियातल्या पेंझाला नेलं आणि मार्च १९५३ मध्ये तो व्लादिमिरच्या तुरुंगात मेला. सौदा केलेल्या माणसाची अशी गत होते का?

निखारा: सौदा केला असं मी म्हटलंच नाही. भेकड म्हणणंही मागे ठेवू, तेवढं देतो. पण तुरुंग भोगला म्हणून नार्वाची सही पुसली जात नाही.

फौजीचा_मुलगा: वाडेकर, कुळकायद्यावर वेगळा धागा काढतोय. तिथे या.