‘कुंग फू चहा’ला मराठीत काय म्हणाल?

निशिगंधा: चीनमधल्या छाओचौच्या चहावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्या चहाचं नावच ‘कुंग फू चहा’. मुठीएवढी मातीची किटली, पत्ती ठासून भरलेली. पहिलं पाणी ओतून टाकायचं, मग इवल्या पेल्यांवरून किटली गोल फिरवत धार धरायची, म्हणजे एकात फिका नि दुसऱ्यात कडक असं होत नाही. पण मराठीत ‘कुंग फू’ म्हटलं की लाथाबुक्क्याच डोळ्यांपुढे येतात. काय लिहू?

अरविंद_क: ‘साधना’ बघा. वेळ आणि कष्ट घालून अंगी बाणवलेलं कसब, हा त्या शब्दाचा गाभा. मारामारीच्या विद्येला चिनीत ‘वूशू’ म्हणतात, १९९०च्या बीजिंग आशियाई खेळांत ती त्याच नावाने होती. ‘कुंग फू’ जगभर झालं ते सत्तरच्या दशकात, हाँगकाँगचे सिनेमे आणि ब्रूस लीमुळे.

खडूफळा: साधना नको, देवघरात नेऊन बसवता तुम्ही चहाला. आपल्याकडे ‘कमावलेला’ आहे की! कमावलेलं शरीर, कमावलेला आवाज.

निशिगंधा: ‘कमावलेला चहा’? कातडं आठवतं हो.

देवदत्त: मूळ शब्द आपलाच आहे. बोधिधर्म कांचीपुरमहून शाओलिनला गेला, प्राणायाम शिकवला, ‘कुंभक’चं ‘कुंफू’ झालं.

अरविंद_क: देवदत्तजी, हे अजिबात पटत नाही. ‘कुंग’ म्हणजे कष्ट, कर्तबगारी. शब्द अस्सल चिनी आहे. बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला ही गोष्ट ज्या ‘यीजिन जिंग’वरून पसरली तो ग्रंथ सतराव्या शतकातला. तांग हाओ या चिनी अभ्यासकानेच १९३०च्या सुमारास ती खोडून काढली. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून व्युत्पत्ती लावू नये.

सोलवासी: मी कोरियात राहते. इथे तीच अक्षरं ‘कोंगबू’ अशी वाचतात आणि अर्थ चक्क शाळेचा अभ्यास! घरोघरी आया मुलांच्या मागे लागतात, कोंगबू कर, कोंगबू कर. जपानीत ‘कुफू’ म्हणजे युक्ती, शक्कल. व्हिएतनामीत ‘कोंग फू’ म्हणजे फार मेहनतीने, बारकाईने केलेलं. आणि खुद्द चिनीत ‘फुरसत आहे का’ हे विचारायलाही हाच शब्द.

खडूफळा: सोलवासीताई, मग तर ‘तालीम’च! अरबीत तिचा अर्थ शिक्षण. आपल्याकडे पैलवानाची तालीम, नाटकाची तालीम. अभ्यासाकडून कुस्तीकडे, अगदी तसाच प्रवास.

देवदत्त: अरबी शब्द कशाला उसना घ्यायचा? पतंजलीपासून चालत आलेला ‘अभ्यास’ आहे. पुन्हा पुन्हा करणं हाच त्याचा अर्थ, आणि शाळेतलाही तोच.

रंकाळाकाठ: तालीम उसनी? कोल्हापुरात येऊन बोला एकदा. पेठेपेठेत तालमी आहेत, आमचं लहानपण तिथल्या तांबड्या मातीत गेलं. शब्द वापरणाऱ्याचा असतो.

देवदत्त: वापर आहे म्हणून शब्द मराठी होत नाही. आणि तुमच्याकडे तर तालमींचे फुटबॉल संघ असतात म्हणे, मग शब्दाचा अर्थ उरला काय?

रंकाळाकाठ: उरला काय म्हणजे? पाटाकडील तालीम मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर या. पोरं पहाटे उठून घाम गाळतात. कुस्ती असो की फुटबॉल, घाम तोच. त्यालाच आम्ही तालीम म्हणतो.

खडूफळा: पण मंडळ आणि तालीम यांत फरक आहे ना? आमच्या साताऱ्याकडे ‘तालीम’ म्हटलं की फक्त आखाडा.